कप मी नाही घालवला

परवा शेजारच्या गावात एका वास्तुशांतीला गेले होते. तिथं सिंगापूरला नोकरी करून आलेला एक माणूस जेवायला माझ्या बाजूला बसला. पूर्वी मी कुणाकडे कामाला होते ते ऐकलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, "अरे, म्हणजे कप घालवणाऱ्या मावशी तुम्हीच का?"

पंचवीस वर्षं होऊन गेली आणि अजून हेच! ताटातली जिलबी तशीच टाकून उठले मी. सायेब गेला आता. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, कळतं मला. पण मी जिवंत आहे ना अजून. त्यानं माझ्या नावावर जे लावून ठेवलंय ते मी खोडणार. मला शाळा नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहून घेते.

माझा नवरा बोटीवर खलाशी होता. हा सायेब त्याच बोटीवर इंजिनियर. नवरा पोटाच्या दुखण्यानं बोटीवरच गेला, बंदर लागायच्या आत. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. घरी एक पेटी आली, तिच्यात दोन शर्ट, दाढीचं सामान आणि सायबाची चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, काही लागलं तर कळवा. असं सगळेच लिहितात. पण दोन वर्षांनी त्यानं समुद्र सोडला, जुरोंगला बोटी दुरुस्त करतात तिथं नोकरीला लागला, बुकित बातोकला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि मला खरंच बोलावून घेतलं, घरकामाला. एवढं त्याचं मानते. मुलगी माझी तेव्हा सोळाची, मुलगा नऊचा. दोघांना दीर-जावेच्या पदरात टाकलं आणि विमानात बसले. विमानात पूर्ण वेळ रडले, मग उतरल्यावर रडायला कधी वेळच मिळाला नाही.

त्या घरात शिरलं की देवाआधी एक फोटो दिसायचा. दरवाज्याएवढा, काळा-पांढरा. चड्ड्या घातलेले गोरे बाप्ये दोन रांगांत.

पहिल्याच दिवशी सायबानं मला त्याच्यासमोर उभं केलं. "मावशी, ही इंग्लंडची टीम. तुमचं-माझं लग्न व्हायचं होतं तेव्हाची. सगळ्या जगाला हरवून कप घेतला यांनी. यांना रोज पुसायचं. ओल्या फडक्यानं नाही."

मी बघितलं. म्हटलं, "याला पुढचे दात नाहीत."

सायेब एकदम खूश. वहिनींना हाक मारून म्हणाला, "अगं, बाईला नजर आहे!"

वहिनी म्हणजे त्याची बायको. गरीब स्वभावाची, पुण्याची. मुलंबाळं नव्हती. त्या मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, फुटबॉलचं काही विचारायचं नाही त्यांना. आणि त्यांनी सांगितलं तर बसायचं नाही, उभ्यानं ऐकायचं. बसलात की दोन तास."

पण मला उभं राहूनही दोन तास ऐकावं लागलं, कैक वेळा. कांदे-बटाटे चिरायला घेतले की हा यायचा. ओट्यावर कांदे मांडायचा, समोर बटाटे मांडायचा. कांदे म्हणजे आपले, बटाटे म्हणजे समोरचे. लसूण म्हणजे चेंडू. हा कांदा इकडून पळाला, तो बटाटा फसला.

मी म्हणायची, "सायेब, भाजी कधी टाकू?"

"थांबा हो, गोल होऊ द्या."

घर त्यानं टीमसारखं चालवलं. दर सोमवारी फ्रिजवर कागद लागायचा, कोण कुठं खेळणार. वहिनींना मधली जागा होती. मधल्या जागेवर काय करायचं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला सगळ्यात मागं ठेवलं होतं. मागं म्हणजे काय, तर गॅस, मोरी, भांडी, धुणं. त्याच्या गळ्यात शिट्टी. जेवण उशिरा झालं की शिट्टी. एकदा देवळात आरतीला भटजींनी उशीर केला तर तिथंही वाजवली होती.

त्या टीमला एक मॅनेजर होता. सायेब त्याचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा, गवई लावतात तसा. तो मॅनेजर म्हणे फार कमी बोलायचा. म्हणून मॅचच्या दिवशी मॅच संपेपर्यंत हाही बोलायचा नाही. मीठ पाहिजे तर बोटानं दाखवायचा. बाकी सहा दिवस तोंडाला खीळ नाही.

आणि एक गोष्ट होती, ती सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या टीममध्ये सगळ्यात जास्त गोल घालणारा एक होता. मधेच त्याच्या पायाला लागलं, टाके पडले. त्याच्या जागी दुसरा एक आला आणि टीम जिंकत गेली. फायनल आली तोवर ह्याचा पाय बरा झाला. पण मॅनेजर म्हणाला, जिंकणारी टीम मोडायची नाही. मग तो बिचारा सूट घालून बाकावर बसला. कप आला, सगळे नाचले, हा सुटातच. वर मेडल दिली ती फक्त मैदानातल्या अकरा जणांना. बाकावरचे, राखीवातले, खुद्द मॅनेजर, सगळे कोरडे.

"अन्याय आहे मावशी हा! घोर अन्याय!" असं म्हणून तो टेबलावर मूठ आपटायचा. दरवर्षी विलायतेच्या फुटबॉल ऑफिसला कागद लिहायचा, राहिलेल्यांना मेडल द्या म्हणून. तो कागद पोस्टात टाकायला मी जायची. पुढं म्हातारपणी मिळाली म्हणे त्यांना, नात सांगते. बरं झालं.

मी एकदा विचारलं, "मग त्या मॅनेजरचं चुकलंच की हो."

"छे! मॅनेजरचं बरोबरच होतं," म्हणाला. डोळे पुसत म्हणाला! रडायचं त्या बाकावरच्यासाठी आणि पाय धरायचे मॅनेजरचे. असा हा माणूस.

हे नुसतं बोलण्यापुरतं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण त्याची स्वतःची टीम होती. आपलीच मराठी पोरं. कुणी बोटीवरचे, कुणी जुरोंग ईस्टला कॉम्प्युटरवर बसणारे. दर रविवारी मॅच. सकाळी सातला सगळे घरी जमायचे, खाऊन ग्राउंडवर जायचे. दुपारी परत आमच्याकडेच जेवायला, आणि अंगातले चिखलाचे शर्ट माझ्या मोरीत टाकून जायचे. चौदा शर्ट, चौदा चड्ड्या, मोजे वेगळे. घरात मशीन होतं. पण मशीननं नंबर उडतात म्हणून सायेब लावू द्यायचा नाही. हातानं घासायचे. मग बांबूवर घालायचे. तिकडं खिडकीबाहेर बांबू खोचतात धुण्याला. नवव्या मजल्यावरून ओल्या शर्टांनी भरलेला बांबू दोन्ही हातांनी पेलून बाहेर सरकवायचा. तोल गेला की बांबू खाली, नाहीतर बाई खाली. खालच्या मजल्यावरची चिनी बाई डोकं काढून ओरडायची, "आंटी, वॉटर ड्रिप लाह!" तिचं तरी काय चुकलं? तिच्या सुकलेल्या कपड्यांवर आमचा चिखल गळायचा.

सुट्टी नावाचा दिवस मला नव्हता. रविवार तर सगळ्यात जड. पंधरा दिवसांनी खालच्या फोनवरून कार्ड घालून घरी बोलायची. मुलगा म्हणायचा, "आई, तिकडं गाड्या कशा आहेत?" मी सांगायची, लय छान. मी बघितलेल्या कुठं, मी तर बांबू बघायची.

आता शिऱ्याचं ऐका. सगळं त्याच्यावरच आहे.

मी गेले तेव्हा ही टीम नुसती हरायची. एका रविवारी केळी फार पिकली होती. वाया कशाला घालवायची म्हणून शिऱ्यात घातली, सत्यनारायणाला करतो तसा शिरा केला. पोरांनी खाल्ला. त्या दिवशी जिंकली. पुढच्या रविवारी सायेब आत आला, बोटानं केळी दाखवली. परत जिंकली. झालं. तेव्हापासून दर रविवारी तोच शिरा, तीच कढई, तोच झारा. मी निळी साडी नेसले होते तर दर रविवारी निळी साडी. साडी विटली, दंडावर ब्लाउज फाटलं, तरी तीच. साखर वाटीनं घालताना हा शेजारी उभा. शनिवारी रात्रीच बजावून ठेवायचा, "जिंकणारी टीम मोडायची नाही मावशी."

पोरं चांगली होती. गोलकीपर कोल्हापूरचा होता, अंगानं दाराएवढा. तो म्हणायचा, "मावशी, शिऱ्यात थोडी मिरची टाका की. मॅच जिंकून जिंकून कंटाळा आला, एकदा तिखट खाऊन हरू द्या." सायबाची शिट्टी वाजायची.

मला तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. आपल्या हाताला यश आहे असं कुणी म्हटलं तर कुणाला नको असतं? आणि सायबानं माझं एक भलं केलं होतं. परमिटच्या कागदावर मी अंगठा लावायला गेले तर त्यानं हात धरला. "माझ्या टीममध्ये अंगठा चालणार नाही." रोज संध्याकाळी फ्रिजवरच्या त्याच कागदाच्या पाठीवर गिरवून घ्यायचा, महिनाभर. इंग्रजीत सही शिकवली मला. बँकेत अजून तीच करते.

म्हणून तर राग जास्त येतो. वाईट माणूस असता तर विसरले असते.

चौथ्या वर्षी दिराचं पत्र आलं. मुलीचं लग्न जमलं. मुलगा शिक्षक, घरची शेती. मुहूर्त वैशाखातला, रविवारचा. वहिनींनी वाचून दाखवलं. चार वर्षांत मी एकदा घरी गेले नव्हते, एकदाही नाही. मी सायबाकडे गेले. म्हटलं, पंधरा दिवस जाऊन येते, माझा पासपोर्ट द्या. पासपोर्ट त्याच्या कपाटात, कुलपात.

त्यानं तारीख बघितली आणि तोंड उतरलं. मला वाटलं, मुलगी सासरी जाणार म्हणून माझ्यासाठी वाईट वाटलं.

"मावशी, त्या रविवारी फायनल आहे."

"कसली?"

"कसली म्हणजे? कपाची! सेमी जिंकलो की फायनल. लग्न आठ दिवस पुढं ढकला ना."

लग्न पुढं ढकला! पत्रिका छापायला गेल्या, मांडवाला सांगून झालं, नवऱ्या मुलाच्या घरी कळलं, आणि का ढकलायचं? तर मुलीच्या आईनं शिरा करायचाय!

"सायेब, मुहूर्त असा ढकलता येत नाही."

"मग लग्न तुमच्या जावेला करू द्या. नाहीतरी तुम्ही..." पुढचं त्यानं गिळलं. मला कळलं. नाहीतरी तुम्ही विधवा, तुम्हाला कुठं कन्यादानाला बसायचंय. खरंच होतं ते. कन्यादान दीर-जाऊच करणार होते. मला मांडवात पुढं कुणी येऊ देणार नव्हतं. पण मागं तरी उभी राहणार होते! लांबून का होईना, डोक्यावर अक्षता टाकणार होते!

त्या दिवशी मोरीत जाऊन भांडी घासली. मग रोज विचारलं. सकाळी चहा देताना विचारायची, पासपोर्ट. संध्याकाळी जेवण वाढताना, पासपोर्ट. हा पेपर तोंडासमोर धरायचा. वहिनी रडल्या, भांडल्या. त्यांना म्हणाला, "तू मधल्या जागेवर आहेस, पुढं येऊ नकोस."

सेमीचा रविवार आला. पहाटे उठले, केळी काढली, रवा काढला. आणि काय झालं कुणास ठाऊक, कढईसमोर उभी राहिले आणि हातच पुढं जाईना. केळी परत टोपलीत टाकली. मोहरी फोडणीला घातली, कढीपत्ता, चार हिरव्या मिरच्या. उपमा केला. हिरवी साडी नेसले.

सायेब आत आला. मॅचचा दिवस, बोलायचं नाही. आधी कढईकडे बोट, मग साडीकडे बोट, मग माझ्याकडे. चेहरा पांढरा. मी ताटल्या भरल्या. गोलकीपरनं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "मावशी! देव भलं करो तुमचं!"

बुओना व्हिस्टाच्या ग्राउंडवर गेले. मी घरी. देवासमोर बसले, पण मागायचं काय ते कळेना. हरली तर फायनल नाही, मी मोकळी. पण पोरं हरू देत असं देवाला कसं म्हणायचं? काही न मागताच उठले.

दुपारी जिन्यातच आरडाओरडा ऐकू आला. जिंकले होते. तीन गोलांनी.

सगळे हॉलमध्ये बसले, तो फोटो डोक्यावर. मी पाणी देऊन तिथंच उभी राहिले. म्हटलं, "सायेब, शिरा नव्हता. साडी निळी नव्हती. तरी जिंकलात. आता माझा पासपोर्ट द्या."

पोरं सायबाकडे बघायला लागली. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

सायबानं क्षणभर विचार केला. आणि काय म्हणाला माहीत आहे? "मग आता फायनलला उपमा. साडी हीच."

गोलकीपर म्हणाला, "कसला पासपोर्ट, मावशी?"

मी सांगितलं, सगळं. आवाज चढवला नाही. मग सायबाकडे वळले. "सायेब, तो सुटातला माणूस बाकावर बसला म्हणून तुम्ही इतकी वर्षं रडताय. त्याला निदान ग्राउंडात तरी बसवलं होतं. मला तर तुम्ही मांडवाच्या कोपऱ्यात उभं राहायलाही सोडत नाही."

गोलकीपर उठला, पिशवीतून हातमोजे काढले आणि टीपॉयवर ठेवले. "सर, मावशी गेल्या नाहीत तर फायनलला मी सूट घालून येतो. बाकावर बसायला."

दुसरा म्हणाला, "माझ्याकडे सूट नाही. मी भाड्यानं आणतो." कुणीतरी हसलं. सायेब नाही हसला.

तो आत गेला. कुलूप वाजलं. बाहेर येऊन त्यानं पासपोर्ट माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. म्हणाला, "जा. पण फायनलआधी टीम सोडून जाणाऱ्याला माझ्याकडे परत जागा नाही. परमिट कॅन्सल करीन. विचार करून घ्या."

विचार काय करायचा? मुलगा तेरा वर्षांचा, त्याची शाळा माझ्या पगारावर. घरावर कौलं घालायची राहिली होती. सगळं दिसत होतं डोळ्यांसमोर. मी पासपोर्ट ओढून घेतला.

वहिनींनी जाताना मुलीसाठी स्वतःची पैठणी दिली. सायेब दारापर्यंतही आला नाही.

आता तो कप कसा गेला ते ऐका. गोलकीपरनं पुढं पत्रात लिहिलं ते सांगते. फायनलच्या सकाळी सायबानं स्वतः स्वयंपाक केला, वहिनींना आत येऊ दिलं नाही. शिऱ्यानं जिंकतात की उपम्यानं, हे त्याचं ठरेना. म्हणून त्यानं दोन्ही केले. शिरा कच्चा, उपम्याची खळ. आणि प्रत्येकाला दोन्ही भरभरून खायला लावले, शिट्टी वाजवून! पोरांना ग्राउंडवर पळवेना. एकजण हाफ टाईमला आडवा पडला. चार गोल बसले. आणि संध्याकाळी हा सगळ्यांना सांगत सुटला, मावशी गेली म्हणून कप गेला. आपल्या लोकांत एकदा पसरलं की पसरलं. तो कच्चा शिरा कुणी केला होता, मी?

परमिट त्यानं कॅन्सल केलंच. मी परत गेले नाही. पुढं दहा वर्षं गावात दुसऱ्यांच्या पापडाची पिठं मळली, मुलाला बारावी केलं. कसं केलं ते माझं मला माहीत. त्याबद्दल रडगाणं नाही.

त्या रविवारी मी मांडवात होते. मागं, चुलीच्या बाजूला, बाकीच्या विधवा बायकांत. मला कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट काढला. नवऱ्या मुलानं हार घातला. मुलीच्या हातात हार तसाच. ती मान वळवून बघत होती, इकडं, तिकडं.

जाऊ म्हणाली, "अगं, घाल ना."

"आई कुठंय?"

"आहे मागं. तू घाल."

"तिला पुढं बोलवा. मग घालते."

भटजी घड्याळ बघायला लागले. दीर दात-ओठ खात म्हणाला, "पोरी, वेळ जातोय, लोक बघतायत." नवऱ्या मुलाची आई काहीतरी पुटपुटली. मुलगी ऐकेना. पैठणी नेसलेली, हातात हार, आणि हट्ट तिच्या बापाचा. नवरा मुलगा मात्र चांगला. हळूच म्हणाला, "बोलवा ना काका. आपल्याला कुठं जायचंय."

बायकांनी मला वाट दिली. माझ्या हाताला चुलीची राख होती, ती पदराला पुसली. चार वर्षांत तिची उंची माझ्यापेक्षा वर गेली होती. मी जाऊन तिच्या बाजूला उभी राहिले, अगदी पुढं, सगळ्यांच्या देखत.

म्हटलं, "घाल."

आणि तिनं घातला.